पोवळ्याचा घसा

१५ जून, रविवार

कमल म्हणाली, "अहो, मंडळाचं सगळं मला सांगत बसू नका. वहीला सांगा. ती बिचारी उठून जात नाही." म्हणून ही वही. बायकोने हात जोडले की माणूस लेखक होतो.

उद्या कुणी वाचलीच तर माहिती असावी म्हणून लिहितो. मी लवू घाडी, परुळेकर चाळ, तिसरा माळा, लालबाग. नोकरी झाली शिवडीच्या गोदामात. लॉरीतून पोती उतरायची आणि ती मी मोठ्याने मोजायची. त्या मोजण्यातून हा आवाज तयार झाला. पुढे मंडळाने गणपतीच्या देखाव्याला तो वापरला, तो आजपर्यंत. पुतळे मोटरवर हलतात, दिवे लागतात-विझतात आणि मागून मी बोलतो. लिहितोही मीच. महिषासुर मी, देवीचा सेनापती मी, सूत्रधारही मीच. "थांब, दुष्टा!" म्हटलं की भारतमाता सिनेमाच्या बसस्टॉपवर उभी असलेली माणसं थांबतात, असं म्हणतात. कमल मात्र दहा दिवस आमची मंडपाकडची खिडकी लावून घेते. म्हणते, घरात एक आहात तेवढे पुरे.

आज मंडळाची मीटिंग होती. आमचा कार्यवाह हितेंद्र, ज्याच्या बारशाला मी घुगऱ्या खाल्ल्या, तो उभा राहून म्हणाला, यंदा पौराणिक नाही. यंदाचा विषय प्रवाळ. समुद्राच्या पाण्याचं रसायन बदलतंय, त्याने पोवळ्यांचं काय होतं, तो देखावा. मग मागून कोणीतरी विचारलं की यात लढाई आहे का.

कल्पना प्राचीची. प्राची म्हणजे पहिल्या माळ्यावरच्या गंगुबाईंची नात. मालवणच्या समुद्रात बुड्या मारून पोवळ्यांचा अभ्यास करते. पावसात समुद्र बंद, म्हणून गणपतीपर्यंत घरी आहे. पोरगी हुशार आहे, बोलते पटपट. मंडळाने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

मग मी विचारलं, लिहिणार कोण? सगळ्यांनी हितेंद्रकडे बघितलं. हितेंद्रने सतरंजीकडे बघितलं आणि म्हणाला, "लिहा तुम्हीच, काका. आवाजाचं बघू नंतर."

आवाजाचं काय बघायचंय? आवाज आहेच. नेमका तेव्हाच मला खोकला आला. बाजूच्या टॉवरच्या बांधकामाची धूळ, दुसरं काय.

१८ जून

सकाळी घसा बसलेला. काल जेवायला उशीर झाला. सुकटीचं तिखट झालं होतं झकास, दोन भाकऱ्या जास्त गेल्या आणि लगेच आडवा झालो. गुळण्या केल्या, ज्येष्ठमध धरलं तोंडात. दोन कडक चहा झाल्यावर आवाज फुटला. चहासारखं औषध नाही.

पहिला मसुदा तयार. नमुना:

"हाऽऽ हाऽऽ हाऽऽ! मी कर्बासुर! धुराड्यातून जन्मलो, सागरात उतरलो! हे प्रवाळकन्ये, तुझ्या महालाचं मी पाणी पाणी करीन!"

प्रवाळकन्या किंकाळी फोडते. समुद्र उकळू लागतो. शेवटी गणपती परशू फेकतो, कर्बासुराचा शिरच्छेद. एकट्याने सगळे आवाज काढून कमलला वाचून दाखवलं. ती कांदा चिरत होती, डोळे पाण्याने भरले. कांदा संपल्यावरही तिने मत दिलं नाही.

२९ जून, रविवार

प्राचीने मसुद्याचा चोथा केला. हसत केला, म्हणून जास्त लागलं.

ती म्हणते, समुद्र उकळत नाही. समुद्र ॲसिडही झालेला नाही. मी म्हटलं, मग काय झालंय, ते तरी सांग. तिने सांगितलं ते माझ्या भाषेत असं. समुद्राचं पाणी मुळात आंबटाच्या उलट्या बाजूचं. हवेतला कर्बवायू त्यात विरघळतो आणि पाणी आंबटाकडे सरकतं. आंबट होत नाही, नुसतं त्या बाजूला सरकतं. जिभेला कळणार नाही, अंगाला कळणार नाही. पण पोवळं म्हणजे साबुदाण्याएवढे जीव एकाला एक चिकटून राहतात, आपल्यासारखी चाळ करून, आणि पाण्यातून चुनखडीचा माल घेऊन दगडाचं घर बांधतात. पाणी सरकलं की तो माल दुसरीकडेच अडकतो. यांना कमी मिळतो. तरी बांधतात, पण जास्त दमून, सावकाश, आणि घर होतं पोकळ. त्या घरात राहणारे मासे, खेकडे, सगळ्यांचं बिऱ्हाड धोक्यात.

हे मला समजलं. सिमेंट कमी, रेती जास्त. आमच्या शेजारी असाच एक टॉवर उभा राहतोय.

पण मग कर्बासुराचं काय? तर म्हणे असुर वगैरे कोणी नाही. कर्बवायू तुमच्या नाकातूनही बाहेर पडतो, काका. मी म्हटलं, म्हणजे असुर मी? ती म्हणाली, नाकातला नव्हे हो, जाळण्यातला. गाड्या, विजेचे कारखाने, विमानं. कोणी जास्त, कोणी कमी, पण आपण सगळेच.

आता "आपण सगळेच" याचा शिरच्छेद कसा करणार? तेवढ्या मोटरी मंडळाकडे नाहीत.

मला खरं तर एक गोष्ट पटत नाही. ज्याने दुखत नाही, भाजत नाही, ज्याची चव लागत नाही, त्याने दगडासारखं घर कसं झिजेल? तसं तिला बोललो. बोलताना आवाज चिरकला. तिने पाणी दिलं आणि विचारलं की घसा कधीपासून असा आहे. म्हटलं, धूळ.

८ जुलै

हितेंद्र घरी आला आणि माझ्या जुन्या देखाव्यांच्या कॅसेटी मागून घेऊन गेला. सगळ्या. म्हणाला, कॉम्प्युटरवर चढवून ठेवतो, खराब होतील. बघा, पोरांना किंमत आहे. आमच्या पिढीला नावं ठेवायला सोपं, पण मंडळाचा इतिहास जपायची बुद्धी यांनाच झाली. मी खूश होऊन बटाटेवडे मागवले. त्याने एकच खाल्ला, माझ्या डोळ्यांना डोळा न देता. लाजाळू आहे पोरगा.

उरलेले मी संपवले.

१३ जुलै, रविवार

आज घरात स्फोट झाला. म्हणजे झाला नाही, तोच घोटाळा.

बोटी अजून बंद, म्हणून कमलने खाडीच्या तिसऱ्या आणल्या होत्या. जेवल्यावर शिंपल्या ताटात पडलेल्या. प्राचीने सांगितलं होतं की शिंपलं आणि पोवळं एकाच मालाचं, आंबटात टाकलं की बुडबुडे येतात. म्हटलं, लेखकाने स्वतः बघावं. वाटीत लिंबं पिळली, शिंपलीचा तुकडा टाकला. आले की बुडबुडे! बारीक, सोड्यासारखे. मी चाळीतल्या चार पोरांना हाक मारून दाखवलं.

मग माझं लक्ष माझ्या बोटाकडे गेलं. लग्नात पत्रिकेत मंगळ निघाला होता, तेव्हा आमच्या गावच्या गुरवाने ओळखीच्या सोनाराकडून पोवळ्याची अंगठी करून दिली होती. ती तेव्हापासून बोटात. म्हटलं, खरं पोवळं घरात असताना शिंपल्यांवर काय भागवायचं? काढली साबण लावून आणि टाकली वाटीत.

काही नाही. एक बुडबुडा नाही. शेजारी शिंपली फसफसतेय आणि माझं पोवळं ढिम्म. आणखी लिंबू पिळलं. ढिम्म. पोरं हसायला लागली. खालून प्राचीला बोलावलं. तिने अंगठी उजेडात धरली, नखाने टिचकी मारली आणि फार सांभाळून म्हणाली, "काका, ही काच आहे."

एवढी वर्षं मी काचेच्या जिवावर मंगळाशी पंगा घेतला!

मला वाटलं कमल चिडेल. ती वाटीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आपला संसार आपणच केला म्हणायचा. मला वाटत होतं, अंगठीने केला." आणि ताट उचलून आत गेली. जाताना हसत होती. अंगठी मी धुऊन परत घातली. सवय झालीय बोटाला.

वाटीतलं लिंबू वाया जायला नको म्हणून सरबत करून प्यायलो, शिंपली काढून.

२२ जुलै

कमल आणि प्राचीने कट करून मला परळला घशाच्या डॉक्टरकडे नेलं. कमलच्या बहिणीला भेटायला जातोय असं सांगितलं होतं. बहीण तिथे नव्हतीच.

डॉक्टर तरुण बाई. नाकातून नळी घालून पडद्यावर माझा घसा दाखवला. लाल, सुजलेला, कडेला खरबरीत. म्हणाल्या, पोटातलं आम्ल झोपेत वर येतं आणि आवाजाच्या पडद्यांना लागतं. रोज थोडं थोडं, वर्षानुवर्षं. मी म्हटलं, डॉक्टर, मला जळजळ होतच नाही. त्या म्हणाल्या, बऱ्याच जणांना होत नाही, म्हणूनच उशिरा कळतं.

हे काय शास्त्र? जळजळ नाही तर आम्ल कुठलं? उगाच पैसे काढायचे धंदे. खरं कारण धूळ, पण पडद्यावर धूळ दिसत नाही ना.

पथ्य: जेवण संध्याकाळी लवकर, जेवून लगेच झोपायचं नाही, चहा बंद, तिखट बंद, तळलेलं बंद, लिंबू बंद. मोठ्याने बोलणं बंद. कुजबुजायचंही नाही, बोललात तर हळू आणि थोडं.

मी विचारलं, गणपतीपर्यंत आवाज परत येईल का? डॉक्टर म्हणाल्या, सूज उतरेल, पण सावकाश. पूर्वीचा गडगडाट येईल की नाही, आज सांगता येत नाही.

घरी येईपर्यंत कमल बोलली नाही. मीही नाही. माझं कारण वैद्यकीय होतं.

२३ जुलै

चहा बंद. घरात चहाचा वास येतोय, शेजारचा. माणसाने जगावं तरी कसं?

३ ऑगस्ट, रविवार

चहा सुटून बारा दिवस झाले, ते संकट आहेच, पण खरं संकट शेवटाचं आहे. देखावा संपवायचा कसा? आजवर एकही देखावा वधाशिवाय संपवला नाही. वध झाला की टाळी पडते, टाळी पडली की स्वयंसेवक दोरी सोडतात आणि पुढची रांग आत येते. वध नसेल तर लोक हलणार कसे?

प्राचीला गॅलरीत बसवून घेतलं. हळू बोलायचं म्हणून तिला खुर्ची जवळ ओढावी लागली. मी विचारलं, पोवळं मरताना ओरडतं का? काहीतरी दे मला. ती म्हणाली, सगळी मरत नाहीत, काका. मग तिने मालवणच्या एका पोवळ्याची गोष्ट सांगितली. आपल्या चाळीपेक्षा म्हातारं, आडवं पसरलेलं, अंगावर इतके मासे की गणपतीतली आमची गॅलरी. ती दर वर्षी त्याला भेटते. भेटते हाच शब्द तिने वापरला. त्याची वाढ पूर्वीपेक्षा कमी झालीय. तिने लगेच बजावलं की एकट्या कर्बवायूवर ढकलू नका, पाणीही तापलंय, गाळही वाढलाय, सगळं मिळून आहे. मी म्हटलं, ओरडत नाही, रडत नाही, मग करतं काय?

ती म्हणाली, "बांधतं. अजून बांधतं. पूर्वीसारखं नाही, पण थांबलेलं नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी बघितलं नाही असं दाखवलं. पोरीला त्या दगडाची माया आहे, आणि तिला हा देखावा नुसता शोभेचा नकोय. मला आजवर वाटत होतं मी तिच्यावर उपकार करतोय.

ती गेल्यावर कर्बासुर फाडून टाकला. प्रवाळकन्याही गेली. आता एकच पात्र, म्हातारा प्रवाळ. तो स्वतःबद्दल सांगतो. कोणाला शिव्या देत नाही. शेवटचं वाक्य आपसूक आलं: "मी अजून बांधतोय. जरा सावकाश, एवढंच. बघा, तुम्हाला काही करता येतं का."

वध नाही, टाळी नाही. लोक हलतील की नाही, बाप्पाला माहीत.

१० ऑगस्ट, रविवार

आज मंडळाच्या खोलीत रेकॉर्डिंग होतं. पहिल्या वाक्याला आवाज फाटला. दुसऱ्याला बसला. तिसऱ्याला नुसता वारा. पाणी पिऊन परत केलं, परत तेच. हितेंद्र सारखा "छान, काका" म्हणत होता. छान नव्हतं.

शेवटी मी म्हटलं, बाबा रे, खरं बोल. तो कोपऱ्यात गेला, परत आला, परत गेला. मग म्हणाला, काका, सोय केलेली आहे. आणि फोनवर लावलं.

माझा आवाज. गोदामातला, भरदार, पत्रे हलवणारा. माझी नवी वाक्यं बोलत होता. म्हातारा प्रवाळ, चुनखडी, "मी अजून बांधतोय", सगळं. खोकला नाही, थुंकी नाही, एक शब्द अडखळला नाही. कॅसेटी जपायला नेल्या नव्हत्या. कॉम्प्युटरला शिकवायला नेल्या होत्या.

मी आधी "वा" म्हटलं. खरंच तोंडातून वा निघालं, इतका सुरेख होता. मग मी ढोलकीवरच बसलो.

हितेंद्र रडवेला झाला. म्हणाला, तुम्हाला डॉक्टरने बोलू नका सांगितलंय, तुमचा आवाज बंद पडू नये म्हणून केलं. पोरगा खोटं बोलत नव्हता, म्हणून मला रागावताही येईना. रागावलो असतो तरी ऐकू कोणाला आलं असतं?

घरी येऊन कमलला सांगितलं. वहीला नाही, तिला. ती उठून गेली नाही.

११ ऑगस्ट

मला तो देखावा पाहिजे. मलाच बोलायचंय. लहान मुलासारखं वाटतं लिहायला, पण तसंच आहे. दुसरा कोणी आला असता तर हार घालून आशीर्वाद दिला असता. पण स्वतःलाच हार कसा घालू?

हितेंद्रला सांगितलं, दोन्ही लावू. माझा फाटकाही आणि तो ठणठणीतही. गंगुबाई ठरवतील.

हे आमच्या मंडळाचं जुनं आहे. गंगुबाईंचे कान गिरणीने नेले. सगळी नोकरी वाइंडिंग खात्यात, त्या खडखडाटात. म्हणून देखाव्याचा आवाज आधी त्यांना ऐकवायचा. मंडपाच्या पार मागे, पाण्याच्या पिंपाजवळ खुर्ची टाकायची. त्यांनी मान हलवली की रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू येणार, म्हणजे पास. आजवर मी एकदाही नापास झालेलो नाही.

आणि या फाटक्या घशाने त्यांच्यासमोर जायचं! कमल म्हणाली, हरलात तर हरलात, लवकर जेवायला या.

पुन्हा रेकॉर्ड केलं. यावेळी आवाज ताणला नाही. प्राची समोर बसली आणि जणू तिच्याशी गॅलरीत बोलतोय तसं बोललो. जिथे चिरकला तिथे चिरकू दिला.

१७ ऑगस्ट, रविवार

काल दहीहंडी, आज अर्धी चाळ लंगडतेय. तरी सगळे मंडपात हजर. कागदाच्या लगद्याची पोवळी उभी राहिलीत, तारेवर मासे लटकतायत. रंग अजून ओला आहे. गंगुबाई काठी टेकत आल्या आणि पिंपाजवळच्या खुर्चीवर बसल्या. काय चाललंय ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

हितेंद्रने आधी कॉम्प्युटरचा लावला. मंडप हादरला. गंगुबाईंनी मान हलवली. "येता आयकाक," म्हणाल्या. पास.

मग माझा. मी खांबामागे उभा राहिलो, अंगठी फिरवत. फाटका, बसका, मधेच वारा. गंगुबाईंनी हात कानामागे धरला. मग दुसरा हात दुसऱ्या कानामागे. म्हणाल्या, कायएक आयकाक येत नाय. हितेंद्रचा हात बटणाकडे गेला. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, संपलं. जेवायला जाऊ.

आवाज चालूच राहिला म्हणून डोळे उघडले. गंगुबाई खुर्चीवरून उठल्या होत्या. इतक्या वर्षांत परीक्षेत त्या कधी उठलेल्या नाहीत. काठी टेकत, माशांखालून वाकत, चालत चालत पुढे आल्या. प्राची हात द्यायला धावली तर तिला बाजूला केलं. स्पीकरपाशी आल्या, त्याच्या अंगावर हात ठेवला आणि कान लावून उभ्या राहिल्या. म्हातारा प्रवाळ बोलत होता. त्या हलल्या नाहीत. "मी अजून बांधतोय," झालं, "बघा, तुम्हाला काही करता येतं का," झालं, तरी हात तिथेच.

"परत लाव," म्हणाल्या.

परत लावलं. परत तशाच ऐकत राहिल्या. हितेंद्रने त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, आजी, दोघांतला कुठला ठेवायचा?

गंगुबाई म्हणाल्या, "तो पयलो बरो आसा. पण तेका कायएक झालेला नाय." मग स्पीकर थोपटला, तापलेल्या पोराचं अंग थोपटावं तसा. "ह्येका कायतरी झालाहा."

मी रडलो. वहीत लिहायला कसली लाज? हितेंद्र मधेच म्हणाला, पण आजी, मागच्यांना ऐकू नाही आलं तर? त्यावर गंगुबाई परत खुर्चीकडे जाता जाता म्हणाल्या, "फुडे येतीत."

हितेंद्रने माझ्यासमोर फोनमधला तो आवाज पुसून टाकला. मी म्हटलं, ठेव रे, एखादा महिषासुर लागला तर. तो हसला आणि पाया पडला.

गंगुबाईंच्या त्या दोन वाक्यांचा नीट अर्थ मला अजून लागलेला नाही. माझ्या लेखणीचा प्रभाव असावा. प्राचीला म्हटलं, बघ, शब्दात ताकद असली की झालं. ती म्हणाली, हो काका, शब्दातच. मग बराच वेळ खोकत होती. तिलाही धूळ लागली बहुतेक.

२७ ऑगस्ट, बुधवार

बाप्पा आले. देखावा सुरू झाला.

सकाळपासून मी खांबामागे. पहिली रांग नेहमीसारखी फोन वर धरून, बडबडत आत आली. दिवे निळे झाले, मासे हलले आणि माझा फाटका आवाज सुरू झाला. कोणीतरी म्हणालं, स्पीकर खराब आहे. मग पुढचे गप्प झाले. मागचे त्यांना विचारायला लागले, काय म्हणतोय, आणि ऐकू यावं म्हणून तेही गप्प झाले. सगळी रांग पोवळ्यांच्या दिशेने सरकली, एकमेकांना न ढकलता. एका लहान पोरीने आईला विचारलं की ह्या आजोबांना काय झालंय. आई म्हणाली, ऐक ना, तेच सांगतायत.

टाळी पडली नाही. क्षणभर कोणी हललंही नाही. मी घाबरलो, म्हटलं आता रांग अडकणार. मग आपोआप निघाले, हळूहळू. स्वयंसेवकांना दोरी ओढावी लागली नाही. जाताना एका बाबांनी कागदाच्या पोवळ्याला हात लावून नमस्कार केला. प्राची म्हणाली, हे मात्र शास्त्रात बसत नाही. पण तिने त्यांना अडवलं नाही.

तिला मी आज परत तेच विचारलं. देखावा झाला, लोकांनी ऐकला, पण मला अजून कळत नाही, की ज्याची जळजळही होत नाही त्याने कोणी आतल्या आत झिजेल कसं? तिने माझ्या हातातल्या कोमट पाण्याच्या बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खांबाला टेकून हसत सुटली. हसण्यासारखं काय होतं? उद्या विचारीन. आजचं बोलणं संपलं, डॉक्टरांचा हिशेब आहे.

उजेड असतानाच जेवलो. वरणभात, दुधी. शेजारी चहा उकळतोय, उकळो. आता गॅलरीत बसून लिहितोय. खाली मंडपात मी बोलतोय, पण इथवर पोचत नाही. पूर्वी स्टॉपपर्यंत जायचा. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? तरी कालपेक्षा कमी.

कमल भांडी आवरून आली. म्हटलं, आता दहा दिवस खिडकी लावून घेईल. ती खिडकीशी गेली, कडी काढली, दोन्ही दारं सताड उघडली आणि बाहेर वाकून कान दिला.

"श्शू," मला म्हणाली. मी तर बोललोही नव्हतो.